पिकअपचं नाक बसलंय? टॉर्शन बार किती पिळायचा आणि कुठे थांबायचं

(गाडी बाजूने दिसते. पुढचं नाक खाली, मागचा हौदा वर.)

राम राम मंडळी! ही गाडी नीट बघा. जळगावकडच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून फिरणाऱ्या कितीतरी जुन्या पिकअप अशाच उभ्या असतात. हौदा रिकामा, म्हणून मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, ताठ. पुढचं नाक मात्र बसलेलं. बागेच्या वाटेवर ट्रॅक्टरने चाकोरी पाडलेली असते, तिच्या मधला उंचवटा इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला घासतो. मग गॅरेजवर एकच मागणी होते, "भाऊ, पुढून दोन इंच उचलून दे."

उचलता येते. पण दोन इंच नाही. एक इंच, फार तर सव्वा.

आधी तुमच्या गाडीला टॉर्शन बार आहे का ते बघा. पुढेही पाटे असतील, किंवा गुंडाळी स्प्रिंग असेल, तर हा व्हिडिओ तुमच्या कामाचा नाही. टवेरा, जुनी सफारी, आणि पुढची चाकं स्वतंत्र हलणाऱ्या काही जुन्या पिकअप, यांना हा बार येतो. ओळखायला सोपं आहे.

(कॅमेरा खाली, पुढच्या चाकाच्या मागे.)

ही बघा, चेसीला समांतर मागे जाणारी जाड दांडी. हिचं पुढचं टोक चाक धरणाऱ्या आर्ममध्ये दात्यांनी बसलंय. मागचं टोक या छोट्या आडव्या दांड्यात, याला की म्हणतात. कीच्या टोकाला हा ॲडजस्टिंग बोल्ट. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि दांडी पिळली जाते, ओला पंचा पिळावा तशी. पिळलेली दांडी उलट जोर लावते, तीच स्प्रिंग. बोल्ट आवळल्यावर की फिरते, तिच्यामागे आर्म फिरतो आणि गाडी उचलली जाते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. "बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं, लोड जास्त घेतं." अजिबात नाही. दांडीचा कडकपणा तिची जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो. जाडीचा तर चौथा घात लागतो. 25 मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच लांबीची 27 मिलिमीटरची दांडी घातली तर कडकपणा सुमारे 36 टक्के वाढतो. बोल्टने यातलं काहीच बदलत नाही. गाडी उभी असताना चाकावर वजन तेवढंच, म्हणून दांडीतला पीळही जवळपास तेवढाच. बदलतो फक्त आर्मचा कोन.

मग आवळल्यावर गाडी दणके का मारते? समजा चाकाला एकूण 160 मिलिमीटर हालचाल आहे, 80 वर जायला आणि 80 खाली लटकायला. 25 मिलिमीटर उचललं की वर 105 उरतात, खाली 55. 50 उचललं तर खाली फक्त 30. एकूण 160चे 160च. खड्डा आला की चाकाने खाली जाऊन रस्ता पकडायचा असतो. 30 मिलिमीटर लगेच संपतात, वरचा आर्म रबर स्टॉपरवर आपटतो, आणि गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवरून उतरताना "ठक्क" ऐकू येतं. लोक त्यालाच कडक सस्पेन्शन समजतात.

पाना हातात घेण्याआधी नाक का बसलं ते शोधा. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील तर दांड्या थकल्यात, किंवा पुढे कुणीतरी जाडजूड लोखंडी गार्ड लावलाय. एकच बाजू बसली असेल तर संशय आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशवर, कीवर, किंवा चेसीच्या ज्या आडव्या पट्टीत, म्हणजे क्रॉसमेंबरमध्ये, की बसते तिथल्या गंजावर घ्या. गंजलेल्या क्रॉसमेंबरवर बोल्ट आवळणं म्हणजे फाटक्या पोत्याला गाठ मारणं.

मोजमाप. गाडी सपाट पक्क्या जमिनीवर, हौदा रिकामा, दोन्ही बाजूंना हवा सारखी. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायरची हवा हिशेबात येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, उन्हातल्या आणि सावलीतल्या टायरचं प्रेशर सारखं राहत नाही. चारही आकडे काचेवर खडूने लिहा, कागद तेलाच्या हाताने हरवतो.

मग धुलाई, ही टाळू नका. काळी माती कीच्या आणि क्रॉसमेंबरच्या फटीत बसून वाळली की सिमेंटच होते, आणि बोल्ट जाम झालाय की मातीच अडवतेय, हे कळत नाही. प्रेशरने धुवा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी बोल्टवर आणि शेजारच्या लोखंडावर रंगाची एक सरळ पट्टी ओढा. किती आटे बाहेर आहेत ते मोजा. जॅक लावून पुढून उचला, घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, चेसीखाली लावा, आर्मखाली नाही. आर्मखाली लावल्या तर भार दांडीवरच राहतो. चाकं लटकली की बोल्टवरचा ताण कमी होतो, पण संपत नाही, हे लक्षात ठेवा. बोल्ट पूर्ण काढायचा नाही! की सुटून हातावर बसली तर हाड मोडेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली झोपायचं नाही, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

लॉक नट असेल तर सैल करा. आट्यांना ग्रीस लावा. आता दोन्ही बाजूंना दोन-दोन फेरे, एकदा डाव्या बाजूच्या बोल्टला, एकदा उजव्या बाजूच्या. एकच बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे वळू नका. मधला अँटीरोल बार दोन्ही चाकांना जोडलेला असतो, एकीकडचा बदल दुसरीकडे दिसतो आणि हिशेब चुकतो.

गाडी खाली घ्या. लगेच मोजू नका. लटकलेली चाकं जमिनीवर आत ओढलेली बसतात, त्यामुळे गाडी खोटी उंच दिसते. दहा मीटर पुढे, दहा मागे घ्या, पुढून चार वेळा जोरात दाबा, मग मोजा. दोन फेऱ्यांत 9 मिलिमीटर आले तर फेऱ्याला साडेचार. हवेत 22, तर एकूण पाच फेऱ्यांच्या आसपास. दर गाडीचा आकडा वेगळा, म्हणून शेजाऱ्याचा उसना घेऊ नका. ड्रायव्हरची बाजू चार-पाच मिलिमीटर खाली राहिली तर अर्धा-एक फेरा तिकडे जास्त.

थांबायचं कुठे? गाडी जमिनीवर असताना वरचा आर्म आणि रबर स्टॉपर यांच्यात बोट सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर उंची जास्त झाली, परत सैल करा. बोल्टचे आटे संपले म्हणून की एक दाता सरकवून बसवायची असेल, तर भार उतरवणाऱ्या टूलशिवाय ते करू नका. घरी तर नाहीच.

दांडीवर पाइप पाना लावू नका, वेल्डिंगचा टाका मारू नका, गॅसने तापवू नका. पृष्ठभागावरच्या ओरखड्यातूनच तडा सुरू होतो. डावी-उजवी दांडी अदलाबदल करायची नाही, कारखान्यात प्रत्येकीला तिच्याच दिशेने पीळ दिलेला असतो.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ॲक्सलचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरच्या रबरी बूटच्या घड्या ताणल्या जातात आणि लवकर फाटतात. शॉकअपही (शॉक ॲब्सॉर्बर) चाक लटकताना पूर्ण ताणला जात नाही ना, ते बघा.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. याला पर्याय नाही. उंची वाढली की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बदलतो, चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. थोडे पैसे वाचवायला गेलात तर टायरची जोडी जाते.

हेडलाइटही खाली घ्या. आणि एक हिशेब लोडचा. हौद्यात केळी भरली की मागचे पाटे बसतात, नाक आपोआप वर जातं. म्हणून रिकाम्या गाडीचं नाक मागच्यापेक्षा थोडं खालीच राहू द्या. रिकाम्या गाडीला सपाट केलंत, तर भरलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातील आणि स्टिअरिंग हलकं लागेल.

लॉक नट आवळा. रंगाची नवी पट्टी ओढा. आठवडाभर चालवून तेच चार आकडे पुन्हा मोजा. तीन-चार मिलिमीटर बसणं चालतं. पट्टी सरळ असूनही जास्त बसली, तर बोल्ट हललेला नाही, पुन्हा बुश आणि कीकडे बघा.