सहा बाटल्या वाळू

नमस्कार. टेबलावर ह्या सहा बाटल्या मांडल्यात त्या बघून मघाशी एका काकूंनी विचारलं, मसाले विकायला आणलेत का. नाही काकू, वाळू आहे. मी तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढलीत आणि कुठे फिरायला गेलो की बाटली भरून आणायची खोड आहे, घरचे वैतागलेत.

वाळू म्हणजे काय, तर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक आणि गाळापेक्षा जाड कण, बस. कशाचे कण ते त्यात येतच नाही. म्हणून रंग बदलतो. ही पहिली कृष्णेची, काळपट, कारण वरचा अख्खा मुलूख काळ्या दगडाचा, बसाल्टचा, आणि त्यात गारगोटी जवळपास नाहीच. ही दुसरी नागपूरकडची कन्हानची, तिकडे हिला वाळू नाही, रेती म्हणायचं हं. पिवळसर, चकचकीत, कारण ती नदी सातपुड्यातून वेगळ्याच, फार जुन्या दगडांवरून येते आणि गारगोटीचे कण घेऊन येते.

तिसरी गणपतीपुळ्याची. पांढुरकी. हिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे, घरी थोडी वाटीत घेऊन लिंबू पिळा, फसफसेल. चौथी माझी लाडकी, रत्नागिरीजवळच्या भाट्याची. किनाऱ्यावर लाट मागे गेली की काळे पट्टे उरतात बघा, लोकांना वाटतं तेल सांडलंय, घाण आहे, आणि चालताना चुकवतात. मी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर फिरवला तर काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहिल्या! तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. जे कण चिकटायला कुरकुरतात त्यात इल्मेनाइट असतं, त्यातून टायटॅनियम निघतं, आणि गंमत म्हणजे ह्या काळ्याकुट्ट इल्मेनाइटपासून भिंतीच्या पांढऱ्या रंगाची पावडर बनते. हे कण जड, लाट हलकी वाळू ओढून नेते आणि हे मागे राहतात, आपण सुपात धान्य पाखडतो ना, त्याच्यासारखंच.

पाचवी कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू, म्हणजे जवळजवळ नुसती गारगोटीच. ही काचेला लागते, आणि फाउंड्रीत साचे करायलाही सिलिका वाळूच. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कधी गेलात तर बघा, वाळूत बेंटोनाइट माती आणि पाणी कालवून साचा दाबतात, वितळलेलं लोखंड ओततात आणि थंड झालं की साचा मोडून तीच वाळू परत वापरतात. आणि भडभुंज्याकडच्या कढईतली वाळू विसरू नका, फुटाणे सगळीकडून सारखे भाजतात ते तिच्यामुळेच.

सहावी जैसलमेरची. किती मऊ! पण बांधकामाला कुचकामी. वाऱ्याने घासून घासून कण गोल आणि एकसारखे बारीक होतात, सिमेंटला धरायला कोपराच मिळत नाही. म्हणून तर भोवती वाळवंट असूनही आखाती देश बांधकामाची वाळू बाहेरून आणतात.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात एका पुरवठादाराने खाडीची वाळू नदीची म्हणून टाकली, स्वस्त पडली म्हणून मीही खोलात गेलो नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर गिलाव्याला लोणा लागला, भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं. मालकीणबाई रोज बोट लावून चाखून दाखवायच्या, खारट आहे हो साहेब! सगळा गिलावा खरवडून काढला, माझ्या खिशातून. तेव्हापासून ट्रक आला की मीच आधी चिमूटभर जिभेवर ठेवतो, मग पारदर्शक बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवतो, वर गाळाचा थर जाड बसला की ट्रक परत. आणि ओलसर वाळू ब्रासने मोजून घेऊ नका, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पण दमट वाळू पाव हिश्श्यापर्यंत फुगते, म्हणजे पैसे हवेचे दिले.

हल्ली क्रश सँड वापरतात, म्हणजे आपला तोच काळा दगड मशीनमध्ये फोडलेला. जुने गवंडी नाक मुरडतात, थापीला खरखरीत लागते म्हणून. पण काँक्रीटला चांगली आहे, कण कोपरेदार असतात, फक्त डस्ट जास्त नको. नदीतली उपसून उपसून पात्रं खोल गेली, काठच्या विहिरी आटल्या, पुलांचे पाये उघडे पडले, तर गवंड्याने थोडं सोसावं, काय बिघडतं?

चला, बाटल्या आता फिरवतोय, हा चुंबकही घ्या, काचेच्या बाहेरूनच लावा. भाट्याची बाटली शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, पण झाकण उघडू नका, मागच्या वेळी एका छोट्या दोस्ताने उघडलं आणि मी व्याख्यान सोडून सतरंजी झाडत बसलो होतो.