आधी तिथी, मग तिकीट

नमस्कार श्रोतेहो.

सुट्टीचा बेत ठरायला लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, विमानाचं तिकीट केवढ्याला? दुसरा, नाश्ता धरून की सोडून? मी आज तिसरा प्रश्न सुचवणार आहे, आणि तो सगळ्यांत आधी विचारायचा आहे. त्या दिवशी तिथी कोणती? हसू नका. लहानशा बेटावर चार दिवस जायचं असेल तर आधी तिथी, मग तिकीट.

बेट कुठलं, तर अंदमानातलं नील. २०१८ पासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप, पण जेट्टीवर अजून नीलच ऐकू येतं. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीने दीड-दोन तास. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं इथे वसवली. त्यांनी भातशेती केली, भाजीपाला लावला, आणि आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. गावाचं नाव रामनगर. अर्धं रामायण पायी फिरून होतं. भाजी तिथेच पिकते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी घरून ठेपल्यांचे डबे नेऊ नयेत. आपण मराठी माणसं चिवड्याची पिशवी घेऊन चंद्रावरही जाऊ, पण तिथल्या बाजारातली ताजी वांगी सोडून शिळा चिवडा खाण्यात काय मिळवतो, हे मला कधी कळलेलं नाही. असो.

तर तिथी. आमच्याबरोबर माझी आत्या होती, दापोलीकडची. समुद्राकाठी जन्म गेला तिचा. कोकणातल्या श्रोत्यांना तिथीवरून भरती-ओहोटी काढायचा हिशेब माहीत आहेच. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीया असेल तर दीड वाजता, अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

आम्ही एप्रिलात, मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर गेलो. पौर्णिमा आदल्या दिवशीच झालेली, आम्ही पोचलो त्या दिवशी प्रतिपदा. बोटीतून उतरताच आत्याने बोटांच्या पेरांवर हिशेब मांडला. भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पावणेसातला. तीनच्या सुमारास आम्ही भरतपूरच्या किनाऱ्यावर गेलो, तर पाणी केव्हाच लांब गेलेलं. काचेच्या तळाच्या होड्या वाळूवर कलंडलेल्या. आत्या कपाळाला आठ्या घालून बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा समुद्र घाईत आहे."

मग तिने काय करावं? झावळीचा एक दांडा उचलला, पाण्याच्या अगदी कडेला रोवला आणि शेजारी फतकल मारून बसली. पाणी दांड्यापासून मागे सरकलं की दांडा उपटून पुढे रोवायचा. माझा धाकटा त्या कामावर नेमला गेला. शहाळी विकणारी एक बंगाली आजी हे सगळं बघत होती. ती कोयता ठेवून आमच्याजवळ येऊन बसली. दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नव्हतं. पण त्या आजीनेही अंगठा पेरांवरून फिरवला आणि दोन बोटं वर केली, उद्या द्वितीया! तिच्याही घरात तिथी मोजतात, आपल्याही. आत्याचा चेहरा असा खुलला की माहेरचं माणूस भेटावं.

पावणेपाचला पाणी थांबलं. थोड्या वेळाने दांड्याच्या बुडाशी फेस आला. आत्या उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि निकाल दिला. "पाऊणपटीतून दोन तास वजा. इथला हिशेब असा."

श्रोतेहो, तिचं बरोबरच होतं. सगळ्या देशाचं घड्याळ एक आहे, पण चंद्र अंदमानच्या डोक्यावर मुंबईपेक्षा साधारण एक तास वीस मिनिटं आधी येतो. उरलेला फरक समुद्रतळाचा आणि किनाऱ्यांच्या ठेवणीचा. प्रत्येक किनाऱ्याला भरती आपापल्या वेळी पोचते.

आता खरी गंमत. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर दगडाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला नॅचरल ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच जाता येतं. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं होतं, टॅक्सी साडेनऊला, नाश्ता करून निवांत निघा. शहाळ्याच्या आजीने मात्र पूर्वेकडे हात केला, पाच बोटं दाखवली आणि वाळूत एक कमान काढली. पहाटे पाच! आत्याचाही हिशेब सव्वापाचचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो, आजीचा नातू वाट दाखवायला. पोचेपर्यंत फटफटलं. कमानीखालून पाणी पार निघून गेलेलं, आणि खडकांच्या खळग्यांत प्रत्येकी एक वेगळा संसार. काळपट, वीतभर लांब समुद्रकाकडी जागची हलायला तयार नाही. एका खळग्यात दगडात रुतलेला मोठा शिंपला, ओठ निळेजांभळे, मखमलीसारखे. धाकटा बघायला वाकला, त्याची सावली पडली आणि शिंपला गपकन मिटला. तो मागे सरला, शिंपला हळूहळू उघडला. हा खेळ इतका चालला की नातवाने शेवटी हात धरून त्याला उठवलं. बोट लावायचं नाही, एवढं तो मुलगा सारखा बजावत होता. पायात पकड असलेल्या चपला हव्यात, शेवाळावर भल्याभल्यांचा पाय घसरतो.

साडेनवाला आम्ही रस्त्याच्या कडेला चहा घेत होतो, तेव्हा समोरून एकामागून एक टॅक्सी किनाऱ्याकडे निघालेल्या. एका गाडीतल्या सगळ्या कुटुंबाचे टी-शर्ट एकाच रंगाचे. (हे मला शाळेच्या सहलीसारखं वाटतं, पण ज्याची त्याची हौस.) आत्या म्हणाली, "हे आता कुठे निघाले? नाटक संपलं, पडदा पडला."

म्हणून पुन्हा सांगतो, आधी तिथी, मग तिकीट. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. उधाणाची ओहोटी उजाडताना मिळते, आणि दुपारी बाराच्या आसपास भरतपूरला डुंबायला भरपूर पाणी. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसं हटतच नाही. वेळ जेट्टीवर एकदा विचारून पक्की करा.

माझा वेळ संपत आला, तेव्हा बाकीचं भराभर. मेच्या मध्यापासून तिकडे पाऊस आणि खवळलेला समुद्र. डिसेंबर ते एप्रिल बरा. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो, तेव्हा दिवस लवकर सुरू करा. रोख पैसे जवळ ठेवा. शंख-प्रवाळ उचलू नका, वन्यजीव कायदा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. मुलांचे खिसे निघण्याआधी तुम्हीच तपासा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्कामाला या, कारण हवा बिघडली की बोट रद्द होते. त्या दिवशी सेल्युलर जेल सावकाश बघा. सावरकरांची कोठडी घाईने बघून, फोटो काढून पळणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं. पण तो विषय पुढच्या भाषणात.

नमस्कार.