प्रोब घ्यायचाय? मग खालून वर या

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीचे किती जण आलेत? बरं. गोकुळ शिरगाव? आणि कागलवाले मागच्या खुर्च्यांवर, म्हणजे जेवणाच्या दाराजवळ, नेहमीप्रमाणं. मला विषय दिलाय 'स्पिंडल टच प्रोबची निवड', म्हणजे कटरच्या जागी मशीनच्या स्पिंडलमध्ये बसवून जॉबला, कापायच्या तुकड्याला, टेकवून मोजायचं ते यंत्र. वेळ पंचवीस मिनिटं. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो, घरात बायको पण कंटाळलीय. प्रोब घेताना सगळे वरनं सुरुवात करतात, म्हणजे कॅटलॉग, ब्रँड, किंमत, मग रिपीटेबिलिटी (तेच माप परत परत किती सारखं येतं), आणि शेवटी डब्यात जो स्टायलस, म्हणजे टोकाला गोळी असलेली टेकवायची काडी, येईल तो लावायचा. मी म्हणतो उलटं करा. आधी जॉबवर कुठं टेकायचंय ते बघा, मग तिथं पोचायला स्टायलस किती लांब लागतोय ते काढा आणि त्यावरनं प्रोब ठरवा.

कॅटलॉगात लिहिलेलं असतं 1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, 2 सिग्मा, म्हणजे शंभरातली साधारण पंच्याण्णव मापं त्याच्या आत. खोटं नसतं ते. पण बारीक अक्षरात खाली असतं की हा आकडा अमुक लांबीच्या स्टायलसवर, अमुक फीडला, म्हणजे टेकायच्या वेगाला. बहुतेक वेळा ती लांबी 50 मिलिमीटर. आणि आपला बोअर, म्हणजे गोल भोक, असतोय आत 120 वर. पत्रिकेत मुलाची उंची लिहिलीय पण बूट घालून मोजलीय, तसलं ते.

आता आमची गोष्ट सांगतो. काहींनी ऐकलीय, त्यांनी चहा घेऊन या.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं काम मिळालं, कास्ट आयर्न, बीटी चाळीसच्या (हा टूल होल्डरचा साइज) व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर. तोवर आमच्याकडं सगळं डायलवर, म्हणजे काट्याच्या गेजवर हातानं. अण्णा म्हणून आमचे जुने सेटर, मशीनवर जॉब लावून देणारे, एका बोअरला दहा मिनिटं डायल फिरवायचे, तंबाखू मळायचा वेळ धरून पंधरा. मी म्हटलं प्रोब घेऊ. घेतला. कुणाचा ते विचारू नका, प्रोबची चूक नव्हतीच, माझी होती. सोबत 50 चा स्टायलस आला, तो बोअरच्या तळापर्यंत पोचेना. मग एक्स्टेन्शन लावलं, स्टीलचं, सगळं मिळून 150. दिसायला उदबत्ती.

पहिल्याच दिवशी अलार्म. मशीन रॅपिडनं, म्हणजे पूर्ण वेगानं, निघालं की प्रोब हवेतच ट्रिगर. का, तर एवढं लांब वजन हलतंय, टोक झोल खातंय, आतल्या स्प्रिंगला वाटतंय टेकलं. विकणाऱ्याचा पोरगा आला, स्प्रिंग आवळून गेला. अलार्म बंद. मी खूष, पेढे वाटायचेच राहिले होते. तिसऱ्या आठवड्यात पार्टीकडनं, म्हणजे गिऱ्हाइकाकडनं, सीएमएमचा (वेगळ्या मोजायच्या मशीनचा) रिपोर्ट, बोअरचं सेंटर 25 मायक्रॉन बाहेर. आमच्या प्रोबवर मात्र सगळं ओके. आता गंमत बघा, प्रोब मोजतोय मशीनच्याच स्केलवर. ज्या स्केलवर जॉब कापला त्याच स्केलवर तपासला, म्हणजे पोरानंच पेपर लिहायचा आणि पोरानंच तपासायचा. मी म्हटलं मशीनची भूमिती गेली. माणूस बोलावला, लेव्हल बघितली, बॉलबार (मशीन खरं गोल फिरतंय का बघायचं साधन) लावला, पैसे गेले. मशीन बरोबर.

शेवटी अण्णांनी शोधलं. रिंग गेज, म्हणजे अचूक गोल कडी, टेबलावर ठेवला, डायलनं सेंटर काढलं, आणि मला म्हणाले, दादा, आता तुमचा प्रोब बारा बाजूनं टेकवा. दर 30 अंशाला एक टच. आकडे ग्राफवर मांडले. गेज गोल, आणि कागदावर आला समोसा. तीन कोपऱ्यांचा.

हे का होतं ते कळायला प्रोबचं पोट बघायला लागतं. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची, डेव्हिड मॅकमर्ट्री तेव्हा रोल्स रॉइसमध्ये, कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या बारीक इंधननळ्या मोजायच्या होत्या. कडक प्रोब टेकवला की नळीच वाकायची. त्यांनी टेकल्यावर मागं सरकणारा आणि परत जाग्यावर बसणारा प्रोब केला, आणि 1973 मध्ये जॉन डिअर यांच्याबरोबर रेनिशॉ ही प्रोबची कंपनी काढली. आत तीन दांड्या, प्रत्येक दोन गोळ्यांवर टेकलेली, सहा गोळ्यांतनं करंट वाहतोय, वरनं स्प्रिंग. टोक टेकलं की एखादी दांडी उचलते, रेझिस्टन्स वाढतो, सिग्नल जातो. म्हणजे ही तिवई झाली. घरी तिवई वरनं ढकलून बघा. दोन पायांच्या मधल्या बाजूला ढकलली तर पटकन उलटते, पायाच्याच दिशेला ढकलली तर दुप्पट जोर लागतो. जोर लागतोय तोवर स्टायलस वाकतोय. उदबत्ती असेल तर फार वाकतोय, स्प्रिंग आवळली असेल तर आणखी. म्हणून तीन कोपरे.

बरं, एक्स वायच्या चारच दिशांनी टेकलं असतं तर कॅलिब्रेशननं, म्हणजे माहीत असलेल्या मापावर टेकवून प्रोबची चूक नोंदवून, हे बरंचसं निघून गेलं असतं. पण आमच्या बोअरमध्ये एक रिब आडवी, म्हणून तीन पॉइंट घ्यायचो तिरक्या कोनात, आणि कॅलिब्रेशन केलेलं एक्स वायलाच, ते पण जुन्या 50 च्या स्टायलसवर! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी स्टायलस बदलल्यावर कॅलिब्रेट केलेलं नाही. मग कार्बन फायबरचा एक अखंड, जाड दांडा आणला, 6 मिलिमीटरचा रुबी बॉल, स्प्रिंग ढिली केली, फीड कमी केला, दर 30 अंशाला व्हेक्टर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक दिशेची चूक वेगळी नोंदवणारं, घेतलं. पार्टी गप्प. अण्णा अजून डायल खिशात घेऊन फिरतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, निवड तर आत्ता सुरू व्हायचीय. बरं, पटापट.

स्टायलस 50 ते 75 मध्ये भागतोय आणि मुख्य काम जॉब झिरो करायचं, म्हणजे जॉब कुठं बसलाय ते मशीनला सांगायचं, तर साधा तिवईवाला प्रोब घ्या, पैसे वाचवा. लांब स्टायलस, तिरके टच, पाच अ‍ॅक्सिस असेल तर स्ट्रेन गेजवाला. त्यात दांडी उचलायची वाट बघत नाहीत, आतला ताण मोजून आधीच ट्रिगर देतात, समोसा जवळजवळ गोल होतो. ब्लूम, हायडेनहाइन या कंपन्यांकडं प्रकाशावर चालणारी रचना आहे, कॉन्टॅक्ट झिजायचा प्रश्नच नाही, ते पण बघा.

सिग्नल कसा येणार? दार बंद छोटी व्हीएमसी असेल तर इन्फ्रारेड पुरे, फक्त रिसीव्हरला प्रोब दिसला पाहिजे आणि काचेवरचा चिकटा रोज पुसायचा. मोठं मशीन, प्रोब हाउसिंगच्या पोटात गायब होतोय, पाच अ‍ॅक्सिसचं टेबल आडवं येतंय, तर रेडिओ. वायरवाला छोट्या राउटरला ठीक, टूल चेंजर असेल तिथं नको.

आणि पैसे द्यायच्या आधी कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, बघा. फॅनुक कंपनीचा असेल तर जी 31 ला स्किप इनपुट (सिग्नल आला की जागीच थांबायचं) आणि कस्टम मॅक्रो बी (मोजायचे प्रोग्राम चालवायची सोय) चालू आहे का विचारा. जुन्या मशीनवर ऑप्शनच नसतो, प्रोब कपाटात आणि ऑप्शनची वेगळी पावती. एम 19 ओरिएंटेशन, म्हणजे स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबवणं, चालतंय का ते पण बघा. प्रोब होल्डरमधनं काढायचा नाही, होल्डर प्रोबचाच. आणि जवळ जाताना जी शून्य शून्य, म्हणजे रॅपिड, वापरायचं नाही, रेनिशॉच्या मॅक्रोतला 9810 चा प्रोटेक्टेड मूव्ह वापरायचा, म्हणजे मध्ये क्लॅम्प लागला तर थांबतो. नाहीतर वीक लिंक, म्हणजे स्टायलसचा मुद्दाम कमजोर ठेवलेला जोड, तुटते, ती स्वस्त आहे, तिच्या मागचं स्वस्त नाही.

झालं, झालं, उठतो. स्टायलसचा डबा चहाच्या टेबलावर ठेवतोय, हातात घेऊन बघा, पण रुबी खाली पाडू नका, मागच्या वेळी एक पडली ती अजून सापडलेली नाही.