बेडकाचे जुने नाव आणि नवा शोध

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की कळंब्याच्या बाजूला डबक्याडबक्यांतून मोठे बेडूक ओरडू लागतात. नर हळदीसारखे पिवळे झालेले असतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘दुर्मीळ पिवळे बेडूक’ अशी चित्रफीत आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचते. हा बेडूक मुळीच दुर्मीळ नाही. विणीच्या हंगामात अंगावर चढणारा रंग सोडला, तर पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकात ‘राना टिग्रिना’ म्हणून आपण ज्याची आकृती काढत आलो, तोच हा.

ऑनलाइन अभ्याससाधनांविषयी बोलताना मी मुद्दाम त्याच्यापासून सुरुवात करतो, कारण आज त्याचे मान्य नाव ‘होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ आहे आणि जुन्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती बहुतांशी जुनेच लेखन लागते. विद्यार्थिदशेत माझा एक प्रकल्प याच कारणाने अर्धवट राहिला होता. दोष इंटरनेटचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. म्हणून शोधाआधी नाव तपासावे. उभयचरांसाठी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीची सूची आहे, तर वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’. दोन्हींत मान्य नावाखाली जुनी नावे दिलेली असतात. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा जुन्या ग्रंथांत ‘कॅसिया टोरा’ आहे आणि आता ‘सेना टोरा’. शोध दोन्ही नावांनी घ्यावा, म्हणजे जुने निरीक्षण आणि नवे संशोधन अशी दोन्ही हाती येतात.

शोधनिबंधांच्या बाबतीत मुले एका ठिकाणी हमखास अडखळतात. पबमेड या वैद्यक व जीवशास्त्राच्या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर सारांश मिळतो, पण संपूर्ण निबंध मिळेलच असे नाही. तो विनामूल्य हवा असेल, तर २००० साली सुरू झालेल्या पबमेड सेंट्रलकडे वळावे लागते. विषय नवा असेल, तर सुट्या प्रयोगांवरील निबंधांऐवजी आधी आढावा लेख वाचावा, कारण त्यात त्या क्षेत्रातील वादही समजतात. प्रथिनांची रचना समजून घ्यायची असेल, तर १९७१ पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेत जाऊन हिमोग्लोबिन पडद्यावर स्वतः फिरवून पाहा. त्याच्या चार साखळ्या फळ्यावरच्या आकृतीत कधीच अशा उलगडत नाहीत. एनपीटीईएल आणि स्वयम (ऑनलाइन अभ्यासक्रम) तसेच ओपनस्टॅक्स (मोफत पाठ्यपुस्तके) यांचा उल्लेख पुरे, ती नावे तुम्हाला ठाऊक आहेत. मराठी परिभाषेसाठी विश्वकोश उत्तम, मात्र रेण्वीय जीवशास्त्रात नोंद किती जुनी आहे हे पाहूनच ती उद्धृत करावी.

शेवटी आयनॅचरलिस्ट, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या निरीक्षणांची नोंद करण्याचे संकेतस्थळ. तेथे छायाचित्र, तारीख आणि ठिकाण दिले, की इतर अभ्यासक ओळख पटवतात. मात्र दोघांचे एकमत म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, हे ध्यानात असू द्या. पन्हाळ्याच्या बाजूच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तुम्हाला कंदीलपुष्प दिसले, तर नोंद जरूर करा, पण नेमके ठिकाण झाकण्याची सोय तेथे आहे, ती स्वतःहून वापरा. या वनस्पतीचे कंद खाल्ले जातात आणि एकदा कंद उपटला, की पुढच्या पावसाळ्यात तेथे छायाचित्र काढण्याजोगे काही उरत नाही.