टर्कीनं पंख पाडले की

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या अंगणात दोन-चार टर्की आहेत, हौसेनं पाळलेल्या, नाव देऊन वाढवलेल्या, त्यांच्याशी आज मला बोलायचंय. टर्की आजारी पडली की आपण काय करतो? कोंबड्यांचा अनुभव गाठीशी असतो, कोंबड्यांचं औषध घरात असतं, तेच पाण्यात कालवतो आणि वाट बघत बसतो. मीही तेच केलं होतं.

माझा एक नर होता, भीमा. साडेतीन महिन्यांचा. खुराड्याचं दार उघडलं की पिसारा फुलवत सगळ्यांच्या आधी बाहेर यायचा. एका सकाळी तो आलाच नाही. आत जाऊन बघते तर भिंतीला लागून उभा. पंख खाली सोडलेले, मान खांद्यात ओढलेली, डोळे अर्धवट मिटलेले. पायाशी पातळ विष्ठा, गंधकासारखी पिवळीजर्द. मला वाटलं पोट बिघडलंय. कोंबड्यांचं अँटिबायोटिक तीन दिवस पाजलं. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. शवविच्छेदन झालं तेव्हा डॉक्टरांनी यकृत माझ्यासमोर धरलं. त्यावर गोल गोल चट्टे होते, मधे खोलगट, पिवळट, ओल्या मातीत नाणं दाबून काढावं तसे. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "कोंबड्याही याच जागेत असतात का?" असायच्या. एकाच खुराड्यात.

हा आजार म्हणजे ब्लॅकहेड, शास्त्रीय नाव हिस्टोमोनियासिस. अंगणातल्या टर्कीचा याच्याइतका मोठा वैरी दुसरा नाही, म्हणून याच्यावर जरा जास्त वेळ घेते. तो होतो एका एकपेशीय परजीवीमुळे. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यात हा परजीवी लपून राहतो. कोंबडी बहुतेकदा धडधाकट दिसते, पण तिच्या विष्ठेतून ती अंडी जमिनीत जातात आणि तिथे काही वर्षं तग धरतात. गांडुळं ती गिळतात, टर्की गांडूळ टिपते आणि काम तमाम. एकदा एका टर्कीला लागण झाली की पुढे जंताचीही गरज उरत नाही, एकीकडून दुसरीकडे तो थेट पसरतो. कधीकधी जवळजवळ अख्खा कळप जातो.

नावावर जाऊ नका. डोकं काळंनिळं पडेलच असं नाही. उलट निरोगी टर्कीचं डोकंसुद्धा मनःस्थितीप्रमाणे लाल, पांढरं, निळं होत असतं. बघायची ती विष्ठा. पिवळी विष्ठा, सोबत पाडलेले पंख आणि सुटलेलं खाणं, एवढं दिसलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

याला नेहमीचं अँटिबायोटिक चालत नाही, कारण हा जिवाणू नाहीच. अमेरिकेत नायटार्सोन नावाचं आर्सेनिक असलेलं औषध खाद्यातून देत, तेही 2015 साली बंद झालं. डॉक्टर पाळीव टर्कीला मेट्रोनिडाझोल देऊ शकतात, पण ज्या पक्ष्याचं मांस किंवा अंडी खायची त्याला ते देण्यावर अनेक देशांत बंदी आहे. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, हा पक्षी फक्त लाडाचा आहे की त्याची अंडी आपण खातो. फेनबेंडाझोलसारखं जंतनाशक तो वाहक जंत मारतं. टर्कीच्या यकृतात पोचलेल्या परजीवीवर त्याचा उपयोग नाही. तेव्हा खरा उपाय एकच, टर्की आणि कोंबड्या वेगळ्या जागी ठेवायच्या. आणि काल कोंबड्या चरलेल्या जमिनीवर आज टर्की सोडायच्या नाहीत.

विष्ठेवरून निदान करायचं तर निरोगी विष्ठा कशी असते ते आधी डोळ्यांत बसायला हवं. घट्ट, हिरवट-तपकिरी, वर पांढरी टोपी. दिवसातून दोन-चार वेळा एक चिकट, गडद तपकिरी, उग्र वासाची विष्ठाही पडते. तीसुद्धा ठीकच. नवीन पाळणारे ती बघून घाबरतात आणि उगाच औषधं सुरू करतात.

लहान पिल्लांमध्ये, साधारण 3 ते 8 आठवड्यांच्या वयात, कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या एका परजीवीचा आजार, जास्त दिसतो. पिल्लं फुगून एकमेकांना चिकटून बसतात, पातळ हगवण लागते, वजन घटतं. कोंबडीच्या पिल्लांसारखं रक्त पडेलच असं नाही, त्यामुळे रक्त दिसण्याची वाट बघण्यात वेळ जातो. या परजीवीची अंडी ओल्या, उबदार गादीत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला तूस रोज काढायचा. औषध म्हणजे अँप्रोलियम. पाण्यातून तीन ते पाच दिवस पूर्ण मात्रा, मग एक-दोन आठवडे कमी मात्रा, मोजून, डॉक्टर सांगतील तशी. ते औषध परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही. मग आपण त्याच पाण्यात शक्तीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स घातलं तर औषधाचा जोर आपणच कमी करतो.

याच संदर्भात एक धोका मला कळकळीनं सांगायचाय. कोंबड्यांच्या काही खाद्यांत कॉक्सिडिओसिस होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन घातलेलं असतं. कोंबडीला ते चालतं. टर्कीला ते विष आहे. पायांतलं बळ जातं, पक्षी छातीवर पडतो, पाय मागे ताणतात, आणि मरतो. यावर उतारा नाही. खाद्य ताबडतोब काढून घेणं आणि डॉक्टरांना फोन करणं एवढंच हातात राहतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कोंबड्यांचं खाद्य टर्कीपुढे ठेवू नका.

आता डोळ्यांखालची सूज. एका किंवा दोन्ही डोळ्यांखाली मऊ फुगा येतो, इतका की कधी डोळाच झाकला जातो. पक्षी डोकं झटकतो, नाक पंखावर पुसतो आणि खांद्याजवळची पिसं चिकट, मळकट होतात. ही सायनसची लागण, बहुतेकदा मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे. इथे मात्र अँटिबायोटिक कामाला येतं. डॉक्टर सहसा टायलोसिन किंवा तशा जातीचं औषध देतात, सूज मोठी असेल तर सुईनं द्रव काढतात. सूज उतरली म्हणून औषध मधेच सोडू नका. आणि बरी झालेली टर्कीही आयुष्यभर ते जंतू बाळगू शकते, अंड्यातून पिल्लांनाही देते. तिची अंडी उबवायला ठेवू नका, तिला दुसऱ्या कोणाच्या कळपात देऊ नका.

डासांच्या दिवसांत डोक्यावर, चोचीभोवती खपल्या दिसल्या तर ती देवी. विषाणूचा आजार, त्याला मारणारं औषध नाही. खपल्या खरवडायच्या नाहीत, त्यांच्यात विषाणू असतो. डोळे मिठाच्या कोमट पाण्यानं पुसायचे, मऊ खाद्य द्यायचं, बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत सुधारतात. तोंडात, घशात पिवळा थर आला तर श्वास अडतो, तेव्हा घरी थांबू नका. देवीची लस मिळते.

वजनदार नरांचे पाय सांभाळा. उंच दांडीवरून उडी मारून तळपायाला जखम होते, आत जंतू शिरतात, मधे काळी खपली आणि भोवती सूज येते. फूट-दीड फुटाहून उंच दांडी नको, आणि ती रुंद हवी. सुरुवातीला कोमट मीठपाण्यात पाय भिजवून, कोरडा करून, स्वच्छ पट्टी बांधली की भागतं. पाय गरम लागला, पक्षी लंगडायला लागला की डॉक्टरांकडेच. घरी ब्लेड हातात घेऊ नका.

पिल्लांबद्दल एवढंच सांगते की पहिल्या आठवड्यात कितीतरी पिल्लं आजारानं नाही, तर भुकेनं जातात. त्यांना पाणी आणि दाणा सापडतच नाही. प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात बुडवा. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस ठेवा, नंतर दर आठवड्याला साधारण 3 अंश उतरवा. खाद्यात 28 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, नायसिन हे जीवनसत्त्वही कोंबडीपेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की गुडघे सुजतात, पाय वाकडे होतात.

पक्षी आजार लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा टर्की कुशीत घ्या आणि छातीच्या हाडावरून बोटं फिरवा. हाड सुरीसारखं टोचलं तर ती बरेच दिवस खात नाहीये. आजारी पक्षी वेगळा ठेवायचाच, कोरड्या, उबदार जागी. पण टर्की एकटी पडली की झुरते, तेव्हा बाकीच्या लांबून दिसतील अशी जागा निवडा. नवा पक्षी आणलात तर 30 दिवस वेगळा.

एकाच वेळी बरेच पक्षी पटापट मेले, माना वाकड्या झाल्या, श्वास घरघरायला लागला, तर घरगुती उपचार नकोत. हा मानमोडी, म्हणजे राणीखेत, किंवा बर्ड फ्लू असू शकतो. पक्षी हलवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

आणि एखादा पक्षी गेलाच, तर त्याला लगेच पुरू नका. हातमोजे घाला, पिशवीत बांधा, गार ठेवा, पण गोठवू नका, गोठवलं की आतले अवयव नीट तपासता येत नाहीत. त्याच दिवशी तपासणीला न्या. भीमाचं यकृत बघितलं म्हणून माझ्या उरलेल्या तीन टर्की त्याच संध्याकाळी कोंबड्यांपासून दूर, नव्या जमिनीवर गेल्या. तिघीही आज आहेत.

नमस्कार.