एक पाय तळ्यात, एक पाय मळ्यात

[दृश्य: काचेची बरणी. खाली पाणी, वर पिवळं तेल. कुणीतरी ती जोरात हलवतं.]

बरणी हलवली की क्षणभर फसायला होतं. आतलं सगळं पिवळट, गढूळ आणि एकजीव झाल्यासारखं दिसतं. हात थांबला की थेंबाला थेंब भेटतो, लहानाचे मोठे होतात, वर सरकतात. थोड्याच वेळात तेल पुन्हा आपल्या जागी.

तेल आणि पाण्याचं वैर आहे, असं आपण सहज म्हणून जातो. बेंजामिन फ्रँकलिनने पाहिलं ते मात्र वेगळं होतं. लंडनजवळच्या क्लॅपहममधल्या तळ्यात त्याने चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरावर गेलं आणि वाऱ्याने थरथरणारं पाणी आरशासारखं निवांत झालं. हा वृत्तान्त 1774 मध्ये छापून आला. वैऱ्याच्या अंगावर असं कुणी पसरतं का?

[दृश्य: रेणूंचं ॲनिमेशन.]

खरी गोष्ट अशी, की पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलाच्या लांब शेपटांकडे त्यांना धरायला काही नसतं. त्यामुळे पाणी तेलाला हाकलत नाही, फक्त आपली साखळी तुटू देत नाही. तेल आपोआप बाजूला पडतं.

आता या हट्टाची किंमत मोजू. 100 मिलिलिटर तेलाचे एकेक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब केले, तर त्या सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ होतं 600 चौरस मीटर. दोन टेनिस कोर्टांहून जास्त! एवढी लांबरुंद सीमा पाण्याला नको असते. थेंब एकत्र आले की ती आक्रसते. बरणीत आपण पाहिलं ते हेच.

[दृश्य: वाटीत अंड्याचा पिवळा बलक.]

या सीमेवर उभं राहायला कुणीतरी लागतं. एक पाय तळ्यात, एक पाय मळ्यात ठेवणारं. असा रेणू म्हणजे इमल्सिफायर, मराठीत पायसीकारक. त्याचं डोकं पाण्यात रमतं, शेपटी तेलात.

बलकात असा एक पदार्थ भरपूर असतो, लेसिथिन. थिओडोर गोब्ले या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात तो बलकातून वेगळा केला आणि 1850 मध्ये त्याला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत बलकाला ‘लेकिथोस’ म्हणतात, त्यावरून.

[दृश्य: बलक फेटला जातोय. तेल अगदी बारीक धारेने पडतंय.]

मेयोनीज करताना नीट बघा. तेल थेंबाथेंबाने घालतात, कारण प्रत्येक नव्या थेंबाभोवती लेसिथिनचं आणि बलकातल्या प्रथिनांचं कवच बसायला सवड हवी. हे रेणू सीमेवरचा ताण कमी करतात, म्हणून थेंब सहज फुटतात. फुटलेल्या थेंबांना ते पुन्हा एकमेकांत मिसळूही देत नाहीत. माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं. थेंब फोडायला रवीसुद्धा पुरते, पण राखण रवीला जमत नाही.

घाई करून तेल भसकन ओतलं की मेयोनीज फाटतं. तेलही गेलं, अंडंही गेलं! पण धुपाटणं हाती येण्याआधी उपाय आहे: ताजा बलक घ्यायचा आणि फाटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं फेटत जायचं.

यात तेल 70-80 टक्के असूनही त्याला चहूकडून वेढून असतं ते थोडंसं पाणी. गच्च भरलेले थेंब एकमेकांना चेपून बसतात, म्हणून दोन पातळ द्रवांतून चमचा उभा राहील असा घट्ट पदार्थ होतो.

पण कोण कुणात शिरणार? याचा ढोबळ नियम विल्डर बँक्रॉफ्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला: पायसीकारक ज्या द्रवात जास्त रमतो, तो द्रव बाहेर राहतो. लोण्यात उलटा प्रकार. तिथे पाण्याचे थेंब स्निग्धाच्या पोटात असतात.

[दृश्य: रुग्णालय. स्टँडला टांगलेली दुधी पांढरी पिशवी.]

हे दूध नाही. सोयाबीनचं तेल, पाणी आणि अंड्यातलंच लेसिथिन. ज्यांना तोंडाने अन्न घेता येत नाही, त्यांच्या थेट शिरेत हे उतरतं. आर्विड व्रेटलिंड यांनी स्वीडनमध्ये तयार केलेलं असं पायस, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव दिसणारं मिश्रण, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं. यातले थेंब सरासरी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, तांबड्या रक्तपेशीहून कितीतरी लहान. मोठे असते तर बारीक केशवाहिन्यांत अडकले असते. त्यांच्यावर पडणारा प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून पांढरा रंग. तेलही पांढरं नाही आणि पाणीही नाही.

लेसिथिन असलं तरी तेल पाण्यात विरघळलेलं नाही. फाटणं फक्त पुढे ढकललं आहे, महिनोन् महिने.

[दृश्य: परिचारिका पिशवी उजेडात धरून निरखते.]

म्हणून लावण्याआधी ती पिशवी अशी निरखून बघितली जाते. वर कुठे पिवळा तवंग दिसला, तर ती बाजूला काढून टाकायची.