कापा फणस आणि तोफेचा गोळा

नमस्कार श्रोतेहो.

माझं आजोळ चिपळूणजवळचं. तिथं शेजारी एक काका राहायचे. रात्रीची जेवणं झाली की ओटीवर पानाचा डबा उघडून बसायचे आणि सुरू करायचे, "त्या वर्षी वाशिष्ठीला असा पूर आला म्हणता, मी फणसावर बसून थेट दाभोळपर्यंत वाहत गेलो." आम्ही पोरं आ वासून ऐकायचो. एखादं मुंबईचं शहाणं पोर फिसकन हसायचं. मग काका पानाला चुना लावता लावता थांबायचे आणि शांतपणे म्हणायचे, "फणस कापा होता रे. बरका असता तर बसलोच नसतो. त्यात रुतायला होतं."

आता बघा, पुरावर, फणसावर, दाभोळवर कुणाचाच विश्वास नव्हता. पण बरका रुततो, हे कुणाला नाकारता येणार? तेवढ्या एका खऱ्याच्या टेकूवर अख्खी थाप उभी राहायची.

अशा थापेला आपल्याकडे लोणकढी म्हणतात. ताजं लोणी कढवल्यावर घरभर जो वास सुटतो ना, तो या शब्दात आहे. थाप चुलीवरनं उतरली की लगेच समोरच्याच्या पानात पडायला हवी. ती बाटलीत भरून परगावी विकायला नेली तर काय होतं? तर एका माणसाचं अख्खं म्हातारपण नासतं. त्या माणसाची गोष्ट आज सांगतो.

जर्मनीत वेझर नदीकाठी बोडेनवेर्डर नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथं 1720 साली हिरोनिमस फॉन म्युंखहाउझेन जन्मला. घराणं सरदारांचं, म्हणून लोक त्याला बॅरन म्हणत. तरुणपणी तो रशियाला गेला, तिथल्या घोडदळात नोकरी केली, तुर्कांविरुद्धच्या मोहिमांचा तो काळ होता. पुढं कप्तानाच्या हुद्द्याला पोचला आणि तिशी उलटल्यावर गावी येऊन जमीनदारी बघू लागला. शिकार करावी, पाहुण्यांना जेवू घालावं आणि जेवण झाल्यावर आपले रशियातले पराक्रम सांगावेत, असा त्याचा दिनक्रम. ऐकायला लोक लांबून यायचे.

हे पराक्रम कसे? एकदा म्हणे जंगलात समोर उमदा काळवीट, आणि बंदुकीच्या गोळ्या संपलेल्या. बॅरन नुकताच चेरी खात होता. खिशातल्या बिया त्यानं नळीत ठासल्या आणि नेमक्या जनावराच्या कपाळावर झाडल्या. ते डळमळलं आणि पळून गेलं. वर्षा-दोन वर्षांनी त्याच रानात एक काळवीट दिसतं. दोन शिंगांच्या मध्ये दहा फुटांपेक्षा उंच चेरीचं झाड, फळांनी लगडलेलं! आपल्यासारखा कच्चा गप्पीदास इथंच थांबला असता आणि टाळीची वाट बघत बसला असता. हा थांबत नाही. तो काळवीट मारतो आणि सांगतो, की भाजलेलं मांस आणि त्यावरची चेरीची चटणी असं दोन्ही त्याला एकाच गोळीत मिळालं. टाळी पडण्याच्या जागेवर हा माणूस जेवणाचा हिशेब देतो. आमच्या काकांचा कापा फणस तो हाच.

बर्फातून वर आलेल्या एका टोकाला बॅरन घोडा बांधून झोपला. सकाळी बर्फ वितळलेलं, आणि घोडा चर्चच्या कळसाला लोंबकळतोय. हीही त्याचीच. पण मला सर्वांत आवडतो तो तुर्कांच्या ओचाकोव्ह किल्ल्याच्या लढाईतला घोडा. पळणाऱ्या शत्रूच्या पाठी बॅरन किल्ल्यात शिरतो, चौकातल्या हौदावर घोड्याला पाणी पाजतो. घोडा पितोय, पितोय, थांबायचं नाव नाही. मागं वळून बघतो तर घोड्याचा मागचा अर्धा भागच नाही! वरनं पडलेल्या दरवाज्यानं तो कापून बाहेर ठेवलेला. पुढून प्यायलेलं पाणी मागून वाहतंय.

हे त्यानं कोरड्या चेहऱ्यानं सांगायचं, समोरच्यांनी गंभीरपणे ऐकायचं, आणि कुणी कुणाला फसवत नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं. तो ओटीवरचा करार होता.

मग 1781 साली बर्लिनच्या एका विनोदी संग्रहात यातल्या काही गोष्टी छापून आल्या. सांगणाऱ्याचं नाव अर्धवट, मधली अक्षरं गाळलेली. पण ओळखणाऱ्यांनी ओळखलंच. आणि 1785 च्या अखेरीला लंडनमध्ये एक छोटं इंग्रजी पुस्तक निघालं, किंमत एक शिलिंग. त्यात नाव चक्क अख्खं. लेखकाचं मात्र नाव नाही.

लेखक कोण होता, हे ऐका. रुडॉल्फ एरिख रास्प. मोठा विद्वान माणूस. भूगर्भशास्त्रातला जाणकार, तत्त्वज्ञ लायब्निट्झचं अप्रकाशित लिखाण उजेडात आणणारा, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद. जर्मनीतल्या कासेलच्या राजाच्या संग्रहातली नाणी आणि रत्नं याच्या ताब्यात असत, आणि ती तो हळूहळू विकत होता. 1775 मध्ये हिशेब तपासायची वेळ आली तेव्हा तो पळून इंग्लंडला गेला. सोसायटीनं नाव कमी केलं. पैशाची चणचण होती. तेव्हा त्यानं राजाची नाणी विकली होती तशीच आता एका सरदाराची थाप विकली. पुढच्याच वर्षी ग्योटिंगेनचा कवी ब्युर्गर यानं ते पुस्तक परत जर्मनमध्ये आणलं आणि पदरच्या गोष्टी घातल्या. दलदलीत रुतलेला बॅरन स्वतःचे केस धरून स्वतःला आणि घोड्याला वर ओढतो, ती ब्युर्गरची. तोफेच्या गोळ्यावर बसून किल्ल्याकडे निघालेला बॅरन, तोही त्याचाच. अर्ध्या वाटेत त्याला सुचतं, की जाणं ठीक, पण परत कसं यायचं? तेवढ्यात समोरून शत्रूचा गोळा येतो. हा उडी मारून त्यावर बसतो आणि आपल्या छावणीत परत. आज बॅरन म्हटलं की लोकांना गोळ्यावरचा माणूस आठवतो, आणि ते खऱ्या बॅरननं कधी सांगितलंच नसावं!

गावात आता लोक त्याचा शब्द ऐकायला येईनासे झाले, त्याला बघायला येऊ लागले. जर्मनीभर 'खोटारडा बॅरन' हे नाव पडलं. तो चिडला, पण भांडणार कुणाशी? दोन्ही लेखक निनावी. ते दोघंही 1794 साली वारले. त्याच वर्षी आपल्या बॅरननं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एका कोवळ्या मुलीशी दुसरं लग्न केलं; ते कोर्टात गेलं आणि त्यात होतं नव्हतं ते संपलं. 1797 मध्ये तो गेला. छळ तिथंही थांबला नाही. 1951 साली एका इंग्रज डॉक्टरनं, आजारपणाची खोटी कहाणी रचून इस्पितळं पालथी घालणाऱ्या रुग्णांच्या विकाराला त्याचं नाव दिलं. बिचाऱ्यानं सगळ्या थापा मारल्या असतील, पण आजारी पडल्याची नाही!

आपल्या आकाशवाणीच्या धंद्याचं एक ऋण मात्र फेडायला हवं. रास्पच्या त्या पुस्तकात एक टपालगाडीवाला आहे. कडाक्याच्या थंडीत तो तुतारी फुंकतो, पण आवाजच फुटत नाही. धर्मशाळेत आल्यावर तुतारी चुलीपाशी खुंटीला टांगतो, आणि थोड्या वेळानं ती आपोआप वाजायला लागते. आत गोठलेले सूर उबेनं वितळून बाहेर येतात. आवाज साठवणाऱ्या एडिसनच्या फोनोग्राफच्या 92 वर्षं आधी! गोठलेल्या शब्दांची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी, प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कच्या लिखाणातही आहे. माझा हा आवाजसुद्धा असाच आधी गोठवून ठेवलाय, आता तुमच्या घरी वितळतोय.

आणि 1932 साली अमेरिकन रेडिओवर जॅक पर्ल नावाचा नट या बॅरनचं सोंग आणायचा. चार्ली नावाचा जोडीदार शंका काढायचा, की बॅरन आपल्या जर्मन ढंगाच्या इंग्रजीत विचारायचा, "तू होतास का तिथं, चार्ली?" हे वाक्य तिकडं घराघरांत गेलं होतं.

आमच्या काकांना हे उत्तर माहीत नव्हतं. त्यांना गरजही नव्हती. एकदा माझ्या मावसभावानं त्यांना कोंडीत पकडायला विचारलं, "काका, दाभोळला पोचलात ते ठीक. पण परत कसे आलात?" काकांनी पान तोंडात घातलं, चुन्याचं बोट खांबाला पुसलं आणि म्हणाले, "त्यात काय? तिथंच बसून राहिलो. भरती लागली, तशी सरळ गोवळकोटच्या धक्क्याला."